गोट्या अकरा पावलं चालला!

काल रात्री गोट्या, म्हणजे माझा दोन पायांचा रोबो, दोरीच्या आधाराशिवाय ११ पावलं चालला. विश्रामबागच्या घरातली शहाबादी फरशी, मध्ये कुणाचा हात नाही. मागे लिहिलेलं दुखणं आठवत असेल: डावा पाय उचलला की डावीकडेच कलंडायचा. तीन आठवडे हेच. घोट्याचा कोन ८ अंशांवरून १४ वर नेला, झुकाव मोजणारा एमपीयू-६०५० सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट केला, बॅटरी खाली सरकवली. पडायचं ते पडतच होता.

पुतणी तेरा महिन्यांची आहे, नुकतीच चालायला लागलीय. पाय फाकवून, हात वर धरून. ते बघून गोट्याच्या पावलांमधलं अंतर ७ सेंटिमीटरवरून १० केलं, तर तो आणखी लवकर पडायला लागला! शेवटी तिचं चालणं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिलं. माझा प्रोग्राम आधी सगळा भार उजव्या पायावर आणतो, मग डावा उचलतो. पाय फाकवले की भार आणखी लांब न्यावा लागतो. पोरगी तेवढं थांबतच नाही. भार पुरता जायच्या आत पाय उचलते, त्याच बाजूला झुकते आणि कलंडायच्या आत तोच पाय टेकवते. फाकलेलं पाऊल तिला झेलतं.

म्हणून पाय हवेत राहायची वेळ ६०० मिलिसेकंदांवरून २४० वर आणली, उचल ३ सेंटिमीटरवरून १ वर. तिसऱ्या खेपेला जमलं. टक, टक, टक, असा फरशीवरचा तो आवाज मी अजून ऐकतोय.

बाराव्या पावलाला ईएसपी-३२, म्हणजे गोट्याचा मेंदू असलेला कंट्रोलर, रीसेट झाला. सगळ्या मोटरी एकदम करंट ओढतात, व्होल्टेज बसतं. ईएसपीला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारं सर्किट) देतोय. आणि एमजी-९९६आर या सर्वो मोटरच्या स्वस्त नकला घोट्याला लावू नका, मधल्या बिंदूवर थरथरतात. मानेला चालतील.

मुलं चालायला कशी शिकतात यावर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या २०१२च्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं चालली आणि १७ वेळा पडली. इतकं पडणं गोट्याच्या ॲल्युमिनियम ब्रॅकेटना सोसणार नाही. त्यासाठी वरून दोरी बांधायची चौकट करणार होतो, पण दोरीने खरा तोल कळत नाही. हे लिहिता लिहिता माळ्यावरचा पांगुळगाडा आठवला! तसाच छोटा करून गोट्याच्या हातात द्यायचा. गाडा पुढे पळू नये म्हणून चाकांच्या आसाला सुतळी गुंडाळेन. रविवारी सुताराकडे जातो, आसाची जाडी किती ठेवावी ते कुणी केलं असेल तर त्याआधी सांगा.