सिनाईच्या दरीतला मठ

आज कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत, दगडी हत्तींच्या रांगेसमोर, भाच्याने विचारले, “मामा, भिक्षू एवढ्या आडरानात का राहायचे?” उत्तर देताना मला इजिप्तमध्ये सिनाई पर्वताच्या पायथ्याशी, अरुंद दरीत वसलेला सेंट कॅथरिनचा ख्रिस्ती मठ आठवला.

बायबलमधील संदेष्टा मोशेला देवाचे जळते झुडूप दिसले ते याच जागी, अशी श्रद्धा असल्याने साधू तिथे आधीपासून राहत. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात त्यांच्यासाठी ग्रॅनाइटचा कोट बांधून दिला. पुढे कित्येक शतके माणसे आणि धान्य उंचावरच्या दारातून दोराने वर ओढून घेतले जाई. या दूरपणाचे मोल फार मोठे आहे: आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी धार्मिक चित्रांवर बंदी आणली, तेव्हा त्यांचा हात इथवर पोहोचला नाही, म्हणून मेणात रंग कालवून काढलेली ख्रिस्ताची सहाव्या शतकातील प्रतिमा आजही शाबूत आहे.

मला सर्वाधिक भावते ते हे, की त्याच कोटात चर्चशेजारी इजिप्तवर राज्य केलेल्या फातिमी खलिफांच्या काळातली मशीद उभी आहे आणि मठाची राखण पिढ्यानपिढ्या जबालिया टोळीचे मुसलमान बेदुइन, म्हणजे वाळवंटातले भटके लोक, करत आले आहेत. खुलताबादच्या उरुसाला आणि पैठणच्या षष्ठीला सारख्याच ओढीने जाणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच समजेल. ग्रंथालयातील हस्तलिखितांविषयी, विशेषतः १९७५ साली सापडलेल्या साठ्याविषयी, सवडीने लिहीन.