ब्रिजटाऊन दोनदा

२९ जून २०२४ च्या रात्री क्रीडा पान माझ्याकडे होते. अंतिम सामना भारतीय वेळेनुसार रात्री आठला सुरू होणार आणि पान मध्यरात्री सोडायचे, म्हणून दुपारीच मी दोन पाने लावून घेतली: एक भारत जिंकल्यास, दुसरे दक्षिण आफ्रिका जिंकल्यास. दोन्हींत एक चौकट समान होती, पुरुषांच्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या आजवरच्या विजेत्यांची. वर्ष, विजेता, उपविजेता, अंतिम सामन्याचे ठिकाण आणि कर्णधार, अशा आठ ओळी, नववी मोकळी.

ही चौकट डेस्कवर कुणी फारशी मनावर घेत नाही; जुनी फाइल उघडायची आणि चिकटवायची. मी ती तपासायला घेतली, तर ऑस्ट्रेलियाच्या ओळीत वर्ष २०२० आणि ठिकाण मेलबर्न. ती स्पर्धा कोरोनामुळे पुढे गेली, २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमध्ये झाली आणि ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला हरवले ते दुबईत. मूळ वेळापत्रकावरून कुणीतरी वर्ष आणि मैदान आगाऊ भरून ठेवले असावे. विजेत्याचे नाव नंतर बरोबर पडल्यामुळे ती ओळ खरी भासत होती. २०१४ च्या ओळीत श्रीलंकेचा कर्णधार चंडिमल होता. स्पर्धा सुरू झाली तेव्हा तोच कर्णधार होता, पण मिरपूरच्या अंतिम सामन्यात नेतृत्व मलिंगाने केले.

नव्याने रुजू झालेला सहकारी शेजारी बसून हे पाहत होता. मेलबर्न खरे तर फक्त २०२२ च्या ओळीत, इंग्लंडने पाकिस्तानला हरवले तिथे हवे, हे दाखवताना मी त्याला म्हणालो, ‘‘एकच मैदान दोनदा दिसले की थांबायचे.’’ हे वाक्य मला महागात पडले.

पंधराव्या षटकात क्लासेनने अक्षर पटेलला झोडपले, त्या षटकात चोवीस धावा गेल्या आणि समीकरण तीस चेंडूंत तीस धावांवर आले. हातात सहा गडी. मी दक्षिण आफ्रिकेचे पान पुढे घ्यायला सांगितले. नवव्या ओळीत त्यांचे नावही टाकून झाले. मग हार्दिकने क्लासेनला बाद केले, बुमराह आणि अर्शदीपने धावा आवळल्या, आणि अखेरच्या षटकात सोळा हव्या असताना पहिल्याच चेंडूवर मिलरचा झेल सूर्यकुमारने सीमारेषेबाहेर जाता जाता, चेंडू आत उडवून परत येऊन टिपला. भारत सात धावांनी विजयी. दुसरे पान उघडले, मथळा बसवला, नवव्या ओळीत भारत, दक्षिण आफ्रिका, ब्रिजटाऊन, रोहित शर्मा असे भरले.

पान सोडण्याआधी चौकटीवरून शेवटची नजर फिरवली, तेव्हा २०१० ची ओळ वेगळी दिसली. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, लॉर्ड्स.

‘‘सर, ब्रिजटाऊन दोनदा येत होतं,’’ सहकारी म्हणाला. ‘‘इंग्लंड जिंकलं म्हणजे लॉर्ड्सच असणार ना?’’

लॉर्ड्स त्याच्या लगेच वरच्या ओळीत होतेच, २००९ ची, पाकिस्तानने श्रीलंकेला हरवले ती. त्याच्यावर रागावण्यासारखे काही नव्हते, नियम माझाच होता. इंग्लंडने २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाला सात गडी राखून हरवले ते बार्बाडोसमधल्या ब्रिजटाऊनच्या याच मैदानावर, हे त्याला सांगत मी शब्द पूर्ववत केला आणि पान सोडले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात आलो तेव्हा माझ्या टेबलावर चिठ्ठी होती: एका वाचकाचा फोन आला होता, विजेत्यांच्या चौकटीत ब्रिजटाऊन चुकून दोनदा छापले गेले आहे.