तुम्ही विचारलंत म्हणून : धर्म नसता तर?

व्याख्यान असो वा नात्यातल्या लग्नाची पंगत, मी धर्म, हिंसा आणि राजकारण यांचा अभ्यास करतो हे कळले की एक प्रश्न हमखास येतो : ‘धर्म नसता, तर या दंगली झाल्याच नसत्या, नाही का?’ विचारणाऱ्याला बहुधा होकारच हवा असतो. तो मला देता येत नाही. आणि धर्माचा दंगलीशी काही संबंधच नाही, असे म्हणणाऱ्यांच्या सुरातही मला सूर मिसळता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर मी मुंबई शहरातच शोधतो. 1851 मध्ये एका पारशी गुजराती नियतकालिकाने पैगंबरांचे चित्र छापले आणि या शहरात मुसलमान व पारशी यांच्यात दंगल पेटली. 1874 मध्ये एका पारशी लेखकाच्या पुस्तकातील मजकुरावरून ती पुन्हा झाली. पारशी आणि मुसलमान! आज हे सांगितले की पंगतीतले लोक हसतात. 17 नोव्हेंबर 1921 रोजी ब्रिटिश युवराज प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले, तेव्हा तर स्वागताला गेलेल्या पारशी व ख्रिस्ती लोकांवर हिंदू-मुसलमानांच्या जमावांनी मिळून हल्ले केले आणि गांधीजींना शहर शांत होण्यासाठी उपोषण करावे लागले. पुढे आठ वर्षेही उलटली नाहीत, तोच 1929 च्या फेब्रुवारीत संपाच्या वातावरणात पठाण मुले पळवतात अशी अफवा उठली, आधी पठाणांवर हल्ले झाले आणि पाहता पाहता त्याची हिंदू-मुसलमान दंगल झाली. एवढ्या काळात यांपैकी कोणाचाही धर्मग्रंथ बदलला नव्हता. बदलले होते ते शहरातले हितसंबंध, आणि कोणाला कोणाविरुद्ध उभे केले तर कोणाचा लाभ होतो, याचा हिशेब.

मात्र एवढ्यावर धर्माला निर्दोष ठरवून मोकळे होणे मला अप्रामाणिक वाटते. 11 ऑगस्ट 1893 ची मुंबईतली हिंदू-मुसलमान दंगल शुक्रवारच्या नमाजानंतर जुम्मा मशिदीच्या परिसरात सुरू झाली. 1992 च्या डिसेंबरअखेरीस रस्तोरस्ती महाआरत्या सुरू झाल्या आणि त्यांतल्या काहींवरून परतणाऱ्या जमावांनी मोडतोड केल्याची नोंद मुंबईतल्या 1992-93 च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. एरवी शंभर माणसे एका वेळी एका जागी आणायला पुढाऱ्याला किती खटपट करावी लागते! धर्म ती आयती आणून देतो, ठरल्या वाराला, ठरल्या वेळी, मन हळवे झालेल्या अवस्थेत. नमाजाला किंवा आरतीला आलेला प्रत्येक जण दगड घेऊन येत नाही, हेही तितकेच खरे. आयोगाने मोजलेल्या 900 मृत्यूंचा विचार करताना मी ह्या दोन्ही गोष्टी एकत्र धरतो.

त्या 1993 च्या जानेवारीत मी बारा वर्षांचा होतो आणि आम्ही दादरला समुद्राजवळ राहत होतो. समुद्रातून शस्त्रे भरलेल्या होड्या येणार, अशी आवई उठली होती. इमारतीतल्या पुरुषांनी पाळ्या लावल्या. बाबा मफलर गुंडाळून, हातात एव्हरेडीची बॅटरी घेऊन गच्चीवर बसत आणि शेजारी दगडांनी भरलेली लोखंडी बादली असे. बाबा देवभोळे नव्हते, संध्याकाळी दिवादेखील आईच लावी. तरीही ते काळोख्या पाण्याकडे डोळे लावून बसले ते हिंदू म्हणूनच, कारण त्या आठवड्यात त्यांना दुसरे काही असण्याची मुभाच उरली नव्हती. होडी आली नाही.

पुढे कित्येक वर्षांनी मी त्यांना त्या रात्रींबद्दल विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, की बादली भरायला अख्खी इमारत आली होती, रिकामी करायला मात्र कोणीच येईना, त्यामुळे पावसाळ्यापर्यंत ती पाण्याच्या टाकीजवळ तशीच पडून होती.