डॉग ट्रीटची बॅच लॅबमधून तपासून घेताना: माझा अनुभव

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत कुत्री पाळणारी काही घरं मिळून ट्रीट घाऊक मागवतात. एकाच बॅचचा माल बरेच महिने पुरतो. म्हणून पैसे भरण्याआधी ती बॅच तपासून घ्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

पाकिटावर एफएसएसएआयचा नंबर शोधत बसू नका. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'अन्न' म्हणजे माणसांचं अन्न. पशुखाद्य त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते ऐच्छिक. किंमत, वजन, उत्पादकाचा पत्ता हे वैधमापनाच्या नियमांमुळे छापलं जातं. 'नॅचरल' हा शब्द मात्र कुणीही छापतो.

पहिली चाळणी दुकानातच लावली. बरणीत सुट्या मिळणाऱ्या लाल-हिरव्या मंची स्टिक लगेच बाद. त्यांना बॅच नंबर नसतो, त्यामुळे एका बरणीचा रिपोर्ट दुसरीला लागू होत नाही. त्या स्टिक आणि गाठी मारलेली पांढरीशुभ्र 'हाडं' म्हणजे बहुतेक वेळा जनावराच्या कातड्याचा आतला थर असतो. केस काढायला चुना किंवा सोडियम सल्फाइड, पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. गिळलेला मोठा तुकडा आतड्यात अडकतो तो धोका वेगळाच, आणि तो लॅबला दिसत नाही.

उरलेल्या पाकिटांवरची घटकांची यादी वाचली. यादी साधारण वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण त्यात गोम आहे. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळे ते पहिल्या नंबरवर येतं. मक्याचं पीठ, मक्याचा स्टार्च, मक्याचं ग्लूटेन असं वेगवेगळं लिहिलं की मका खाली ढकलला जातो. भाजल्यावर पाकिटात मुख्यतः मकाच उरतो. मका म्हटला की अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, आलं. अमेरिकेत २०२० च्या अखेरीस एका कंपनीच्या श्वानखाद्यात ते सापडलं आणि कुत्री दगावली.

उघड्या पाकिटात आठवडाभर राहूनही मऊ राहणारी, बुरशी न धरणारी ट्रीट असेल तर ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल (ई १५२०) शोधायचं. ग्लिसरीन जास्त झालं तर जुलाब होतात. प्रोपिलीन ग्लायकॉल कुत्र्यांसाठी चालतं, पण अमेरिकेत मांजरांच्या खाद्यात त्याला बंदी आहे. त्यामुळे घरात मांजर असेल तर असली ट्रीट आणूच नये. पीनट बटरच्या चवीची असेल तर झायलिटॉल शोधायचं. हा साखरेऐवजी घालायचा गोड पदार्थ, म्हणजेच ई ९६७, कधी 'बर्च शुगर' या नावाने असतो. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी कुत्र्याची रक्तातली साखर झपकन उतरते. १८ किलोच्या इंडीला, म्हणजे देशी कुत्र्याला, १.८ ग्रॅम पुरे. किलोमागे ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत जाऊ शकतं.

मग कंपनीला मेल. त्यात तीनच गोष्टी विचारल्या. झायलिटॉल कुठल्याही स्वरूपात आहे का? कच्च्या मालातून येणारे प्रिझर्व्हेटिव्ह कोणते? या बॅचचा तपासणी अहवाल मिळेल का? दुसरा प्रश्न मासळीच्या पावडरीसाठी. ती पेट घेऊ नये म्हणून पुरवठादारच त्यात इथॉक्सीक्विन हे प्रिझर्व्हेटिव्ह घालतो. ट्रीटवाल्याने स्वतः घातलं नाही म्हणून ते पाकिटावर येत नाही. युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याची परवानगी स्थगित केली. 'आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के सेफ आहे' असं उत्तर आलं की ती कंपनी सोडायची. ज्यांनी बॅच नंबरसकट पीडीएफ पाठवली, त्यांचाच माल लॅबला दिला.

ठाण्याच्या वागळे इस्टेट आणि नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात अन्न तपासणाऱ्या लॅब आहेत. जाण्याआधी लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या संकेतस्थळावर लॅबची मान्यता कशासाठी आहे ते बघा. मान्यता 'अन्न' या गटात असेल आणि 'पशुखाद्य' त्यात नसेल, तर त्याच मशिनवर तीच टेस्ट होते, पण रिपोर्टवर एनएबीएलचा शिक्का येत नाही. स्वतःपुरतं हवं असेल तर चालतं. कंपनीशी भांडायचं असेल तर नाही.

नमुना देतानाच बहुतेक गोंधळ होतो. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंच्या टेस्टसाठी एक पाकीट सीलबंद द्यायचं. फोडलेल्यात आपल्याच हाताचे जंतू गेलेले असतात. अफ्लाटॉक्सिनचं उलट आहे. बुरशीचं विष मालात सारखं पसरत नाही, गठ्ठ्यागठ्ठ्याने असतं. एका पाकिटातली चार बिस्किटं स्वच्छ निघाली म्हणजे बॅच स्वच्छ, असं नाही. म्हणून त्याच बॅचची तीन-चार पाकिटं द्यायची आणि फॉर्मवर 'सर्व एकत्र दळून नमुना घ्यावा' असं लिहायचं. काउंटरवर ते आपणहून विचारत नाहीत. जर्की (वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या) असेल तर अँटिबायोटिकचे अंशही तपासायला सांगा. प्रत्येक टेस्टचे पैसे वेगळे लागतात. बिस्किटांना अफ्लाटॉक्सिन आणि जर्कीला साल्मोनेला, निदान या दोन टेस्टना हात आखडता घेऊ नये.

साल्मोनेलाचे जंतू वाढवून बघावे लागतात, त्यामुळे चार-पाच दिवस जातातच. रिपोर्टमध्ये '२५ ग्रॅममध्ये आढळले नाही' असं वजनासकट हवं. नुसतं 'निगेटिव्ह' असेल तर परत विचारा. अफ्लाटॉक्सिनपुढे 'बीएलक्यू' (मोजता येणाऱ्या किमान पातळीच्या खाली) दिसलं की आकडा शोधा: लॅबचं मशीन किती खालपर्यंत मोजू शकतं? अमेरिकेत कुत्र्यांच्या खाद्याला २० पीपीबीची मर्यादा आहे. मशीन १५ च्या खाली मोजत नसेल, तर 'बीएलक्यू' म्हणजे फक्त १५ च्या खाली एवढंच, विष मर्यादेच्या जवळही असू शकतं. १ किंवा २ असेल तर ठीक. किलोला मायक्रोग्रॅम म्हणजेच पीपीबी. मिलीग्रॅममध्ये लिहिलं असेल तर हजाराने गुणा. वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे बुरशीला वापरता येईल असं मालातलं पाणी, तीही मोजून घ्या, टेस्ट स्वस्तातली आहे. आकडा ०.६० च्या आत असेल तर बुरशी वाढत नाही. पण तो बंद पाकिटाचा आकडा. जुलैत आपल्याकडे उघडं पाकीट हवेतली ओल ओढतं आणि गणित बदलतं. म्हणून पावसाळ्यात छोटी पाकिटं घ्यायची, घट्ट झाकणाचा डबा वापरायचा.

बॅच पास झाली तरी साधारण ५० ग्रॅम माल मूळ पाकिटाच्या बॅच नंबरसकट फ्रीझरमध्ये ठेवते, साठा संपेपर्यंत. चिकन जर्की देणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. २००७ पासून अमेरिकेत एफडीएकडे जर्की खाल्लेल्या कुत्र्यांच्या हजारो तक्रारी आल्या, त्यातल्या बऱ्याच मूत्रपिंडाच्या होत्या, आणि इतक्या तपासण्या होऊनही नेमकं कारण हाती लागलं नाही. म्हणजे लॅबने पास केलेल्या जर्कीलाही पूर्ण खात्री नाही. कुत्रा अचानक जास्त पाणी प्यायला, जास्त लघवी करायला लागला तर जर्की त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना लघवीतली आणि रक्तातली साखर एकत्र तपासायला सांगा. रक्तातली नॉर्मल आणि लघवीत साखर असेल, तर तो मधुमेह नसून फॅन्कोनीसारखा मूत्रपिंडाचा त्रास असू शकतो. मग तोच फ्रीझरमधला नमुना लॅबला पाठवायचा.