दोन चुंबनं आणि एकोणीस दिवस

माझ्या कादंबरीत दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम बसतं, तेही बाराही महिने नाताळ असणाऱ्या एका छोट्या गावात. अमेरिकेत इंडियाना राज्यात ‘सांता क्लॉज’ नावाचं खरंखुरं गाव आहे. हे नाव त्याला १८५६ मध्ये मिळालं. मुलं सांताला पत्रं धाडतात आणि तिथले स्वयंसेवक उत्तरं लिहितात. माझी एक नायिका अशीच पत्रं लिहीत बसते, दुसरी तिच्याकडे टपालाची पोती आणून टाकते. लिहायला दोन वर्षं गेली, त्याची तक्रार नाही.

तक्रार आहे ती ई-बुक काढतानाच्या १९ दिवसांची.

१४ नोव्हेंबरला ई-बुक विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात फाइल अपलोड केली. चौथ्या दिवशी मेल आला: मजकूर प्रौढांसाठीचा वाटतो, तपासणी चालू आहे. अख्ख्या पुस्तकात दोन चुंबनं आहेत! त्याच दुकानात बाई-पुरुषांच्या शयनगृहापर्यंत जाणाऱ्या कादंबऱ्या सर्वसाधारण विभागात मांडलेल्या आहेत. मी विचारलं, कोणतं वाक्य खटकलं? तीनदा तेच छापील उत्तर. चौथ्यांदा सल्ला मिळाला की ‘प्रौढांसाठी’वर खूण करा, लगेच सुटेल. मी नाही केली. ती खूण केली की पुस्तक साध्या शोधात दिसतच नाही. शिवाय माझ्या दोघींनी लपण्यासारखं काहीच केलेलं नाही.

नाताळचं पुस्तक जानेवारीत कोण घेणार? रोज सकाळी आधी मेल उघडायचे. शेवटी दोन्ही प्रसंगांचे प्रकरण क्रमांक, पूर्ण परिच्छेद आणि ‘यात आक्षेपार्ह काय ते दाखवा’ एवढंच लिहून पाठवलं. ३ डिसेंबरला पुस्तक विक्रीला आलं. त्या रात्री मी रडले.

तुम्ही नाताळचं ई-बुक काढणार असाल तर सप्टेंबरमध्येच अपलोड करा. ‘लेस्बियन रोमान्स’ हा बिसॅक वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांच्या विषयवार विभागांच्या यादीत, स्वतंत्र विभाग आहे, तोच निवडा. नुसत्या ‘रोमान्स’मध्ये दडू नका, वाचणाऱ्या बायका ‘लेस्बियन रोमान्स’मध्येच शोधतात. हो, आणि छापील प्रतही काढणार असाल तर तिला वेगळा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागतो. हे मला उशिरा कळलं. सगळे मेल जपून ठेवा, तारखांसकट. मला शेवटी तेच उपयोगी पडले.

पुढचा भाग लिहून होत आला आहे. तो मी ऑगस्टमध्ये पाठवणार आहे, आणि पुस्तकाच्या परिचयात पहिल्याच ओळीत दोघींची नावं असतील.