सोमवारी दुपारी तीन ते पाच

गेल्या जूनमध्ये गावी आमच्या आळीतलं नवीन गटार पहिल्याच मोठ्या पावसात खचलं, आणि फोनवर बाबांना विचारलं की अहो अजून तीन महिने पण झाले नाहीत ना त्याला, तर ते म्हणाले, "अगं वरून पैसे आले होते, मार्चच्या आत खर्ची टाकायचे होते, टाकले." बास. एवढंच. बाबा आयुष्यभर शाळेत शिकवत होते, दहा रुपयांची बेरीज चुकली तरी मुलाला परत बसवायचे, आणि सरकारी पैशाबद्दल बोलताना आवाजात साधा राग पण नाही. मला ते "वरून आले होते" फार लागलं. म्हणजे पाऊस वरून येतो तसा पैसा पण वरून येतो, कुठे पडला, किती मुरला, कुणी विचारायचं नाही.

मी पुण्यात नोकरी करते, गावाचं नाव इथे लिहीत नाही कारण सगळी ओळखीतली माणसं आहेत आणि मला कुणाला चव्हाट्यावर आणायचं नाहीये. पण काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण हे करता येतं हेच मला स्वतःला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

तर आपल्याकडे 26 नोव्हेंबर 2018 चा एक शासन निर्णय आहे, सामान्य प्रशासन विभागाचा. जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या सरकारी कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना कागदपत्रं बघायला उपलब्ध करून द्यायची. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. आधी हे पुणे महापालिकेत सुरू झालं होतं, मग राज्यभर लागू केलं. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा म्हटलं की दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवस वाट, मग अपील, त्यातच माणूस दमतो. इथे मात्र सरळ जाऊन समोर बसून वाचायचं. मी एका सोमवारची रजा टाकली आणि गेले.

ग्रामसेवक भाऊसाहेब (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात अजून भाऊसाहेबच) जरा चमकले, पण खुर्ची दिली, चहा पण सांगितला. हे मुद्दाम सांगते कारण सगळीकडे अंगावरच येतात असं नाही. त्यांच्याकडे दोन गावांचा चार्ज, शिपाई अर्धवेळ, कपाट एकच. मी पाच गोष्टी मागितल्या. कामाला मंजुरी दिलेला ग्रामसभेचा ठराव, इस्टिमेट, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, बिलाचं प्रमाणक म्हणजे व्हाउचर, आणि नमुना 5 म्हणजे रोकडवही. ग्रामपंचायतीचे असे 1 ते 33 नमुने असतात, सगळा संसार त्यात असतो, पण आपल्याला घराच्या कामासाठी फक्त नमुना 8 चा उतारा तेवढा माहीत असतो.

एमबी वाचायला अवघड नाही, हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. लांबी, रुंदी, खोली, त्याचा गुणाकार, आणि शेजारी अभियंत्याची सही. आमच्या गटाराची लांबी लिहिली होती 84 मीटर. संध्याकाळी चुलतभावाला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं आणि मोजलं, 61 मीटर भरलं. परत मोजलं. 61 च.

आता लगेच माझ्या डोक्यात आलं की 23 मीटरचे पैसे खाल्ले. रात्रभर मला झोप नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी सांगितलं की आळीच्या टोकाला एका घरमालकाने हरकत घेतली, जागेचा वाद, म्हणून उरलेलं काम देवळामागच्या बोळात केलं. जाऊन बघितलं तर खरंच होतं, साधारण तेवढंच. म्हणजे पैसे खाल्ले नव्हते (निदान लांबीत तरी नाही). पण कुठल्याच कागदावर जागा बदलल्याची ओळ नाही, ठराव नाही, काही नाही. टोकाच्या घरांचं सांडपाणी अजून रस्त्यावर आणि कागदावर तिथे गटार आहे, म्हणजे उद्या त्या घरांनी मागणी केली तर उत्तर तयार, तुमच्याकडे झालंय की काम. मला वाटतं आपण भ्रष्टाचार एवढा एकच शब्द धरून बसतो आणि हे असलं सगळं सुटून जातं. कागद आणि जमीन जुळत नसेल तर चोरी झाली नसली तरी कुणाचं तरी नुकसान झालेलंच असतं.

आणि जिथे खचलं तिथे खाली काँक्रीटचा थर नव्हताच, मुरमावर थेट काम केलेलं. इस्टिमेटमध्ये तो थर होता, बिलात पण होता. ही मात्र चूक नाही, हे सरळ फसवणं आहे.

त्याच सोमवारी अजून एक वही बघितली, नमुना 9, कर मागणीची. खरं तर मला गावाची वसुली किती ते बघायचं होतं, पण पान उलटताना आमचंच घर दिसलं. तीन वर्षांची घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, सगळं थकीत. बाबांना विचारलं तर म्हणाले, गटार तरी कुठं केलं होतं त्यांनी, कशाला भरू. आणि हेच उत्तर जवळपास प्रत्येक घराचं. वर्षाची मागणी पाच लाख साठ हजारांच्या आसपास, वसूल झाले दोन लाख दहा हजार.

याचा अर्थ काय होतो ते मी तिथेच बसून कागदावर मांडलं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आमच्या गावात सात दिव्यांग नोंदवलेले आहेत. दोन लाख दहा हजाराचे 5 टक्के म्हणजे साडेदहा हजार, सात जणांत वाटले तर माणशी दीड हजार, वर्षाला. सगळ्यांनी पट्टी भरली असती तर अठ्ठावीस हजार झाले असते, माणशी चार हजार. बाबांनी गटाराच्या रागात जी पट्टी भरली नाही तिची झळ ठेकेदाराला लागलीच नाही, ती लागली आळीतल्या पोलिओ झालेल्या काकांना. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 मध्ये देशातल्या पंचायतींच्या पैशांवर एक अहवाल काढला होता, त्यात 2022-23 मध्ये एका पंचायतीचं करातून आलेलं सरासरी उत्पन्न फक्त 21 हजार रुपये होतं आणि केंद्राकडून अनुदान आलं सुमारे 17 लाख. म्हणजे सगळं वरूनच. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे 2021 ते 2026 या काळात यायचे, त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच बांधलेले, 40 टक्के बाकीच्या गरजांसाठी. आपल्या खिशातून गेलेले दोन हजार असते तर माणूस गटार बांधताना काठावर उभा राहिला असता, सिमेंटची पोती मोजली असती. सतरा लाख दिल्लीहून आले की कुणी फिरकत नाही. ते पण आपलेच आहेत, आपण काडेपेटीपासून मोबाईलपर्यंत सगळ्यावर जीएसटी भरतो, पण पावतीवर गावाचं नाव नसतं म्हणून आपलं वाटत नाही.

आणि हे फक्त गावाचं नाही. राज्याने 2005 मध्ये राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला, तूट आटोक्यात ठेवायची म्हणून. आणि 2024 मध्ये जूनच्या अखेरीस अर्थसंकल्प मांडला आणि जुलैत लगेच 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पात न धरलेल्या जादा खर्चाला मंजुरी मागायची. ज्या योजनांसाठी मागितले त्यातल्या काही गरजेच्या आहेत, लाडकी बहीणचे दीड हजार माझ्या मावशीच्या औषधाला लागतात, मी त्याविरुद्ध नाही. पण दहा-बारा दिवसांपूर्वी मांडलेल्या हिशोबात एवढी रक्कम बसवता आली नव्हती का, हे विचारायला नको? घरात कुणी असा महिन्याचा हिशोब मांडला तर आई वही काढून समोर बसवेल. आणि बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली, पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासकच, मग हे विचारायचं तरी कुणाला होतं, निवडून दिलेला माणूसच नव्हता.

असो, गावाकडे येते. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी एमबीची नक्कल घेऊन उभी राहिले. गणपूर्तीला, म्हणजे कोरमला, 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते लागतं, आम्ही होतो चाळीसेक. सभा तहकूब झाली. तहकूब सभा परत भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे मोठमोठे ठराव पाच-दहा माणसांत होऊन जातात, हे तेव्हा कळलं. त्या दुसऱ्या सभेला मी रजा काढून पुन्हा आले, आणि यावेळी काकू आल्या, टोकाच्या घरातल्या तिघी आल्या, बाबा आले. सरपंच ताई पहिल्यांदा चिडल्या, मग एमबीचं पान त्यांनी स्वतः वाचलं आणि म्हणाल्या, मला हे कुणी दाखवलंच नव्हतं, सही तेवढी घेतली. मला ते खरं वाटलं.

सप्टेंबरमध्ये पंचायत समितीचे कनिष्ठ अभियंता आले, परत मोजलं. ठेकेदाराची अनामत रक्कम अजून सोडलेली नव्हती म्हणून नशीब, तिच्या जोरावर खचलेला भाग दिवाळीनंतर त्याच्याकडून परत करून घेतला, यावेळी काकू खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि खालचा थर टाकताना फोटो काढून मला पाठवत होत्या. ते बिल बनवणाऱ्यावर काही कारवाई झाली नाही. ऑडिटमध्ये आक्षेप येईल म्हणतात, स्थानिक निधी लेखापरीक्षेत, बघू, ते पण वाचायला मी जाणारच आहे. टोकाचे ते 23 मीटर अजून तसेच.

बाबांनी तीन वर्षांची पट्टी भरली, पावत्या फाईलला लावल्या. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत त्या 23 मीटरचा विषय घ्यावा असा अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून परवा दिला, पोच घेतली आणि पोचेचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला.