दोन शिक्षकी शाळा आणि पाच टॅब

आमची शाळा कोकणातल्या एका वाडीवरची, पहिली ते चौथी, आणि शिक्षक आम्ही दोघंच. त्यातला एक जण कधी केंद्रशाळेत मीटिंगला, कधी ऑनलाइन माहिती भरायला, त्यामुळे बऱ्याचदा चारही वर्ग एकाकडे असतात. अशा शाळेत टॅब कशाला हवा असं जे विचारतात ना, त्यांना मी म्हणते एकदा येऊन चार वर्ग एकत्र घेऊन बघा! पहिलीला अक्षरं गिरवून घेत असताना चौथीचा भागाकार कोण बघणार?

आमच्याकडे पाच टॅब आहेत, वाडीतल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून दिलेले. प्रत्येक मुलाला एक असं नाही आणि मला तसं नकोही आहे. मुंबई महापालिकेने 2015 मध्ये आठवीच्या मुलांना टॅब वाटले, पुस्तकं आत टाकून, हेतू दप्तराचं ओझं कमी करायचा, चांगलाच होता. पण पुस्तक स्क्रीनवर आलं म्हणजे शिकणं बदललं असं होत नाही, आणि 2018 ला आठवीची पुस्तकंच बदलली, म्हणजे आतलं सगळं पुन्हा भरणं आलं. त्याआधी 2011 चा तो आकाश टॅबलेट आठवतोय का, कॉलेजच्या मुलांसाठी आलेला, सव्वादोन हजारांच्या आसपासचा? स्क्रीनवर बोट जोरात दाबावं लागायचं, 256 एमबी रॅम, बिचारा उघडेपर्यंतच वेळ जायचा. तेव्हापासून बघतेय, चर्चा कायम किती वाटले आणि केवढ्याला घेतले याचीच. वर्गात त्याचं काय केलं हे कोणी विचारत नाही.

'प्रथम' नावाच्या स्वयंसेवी संस्थेने गावांमध्ये टॅब दिले ते मात्र मुलांच्या गटाला, पाच-सहा जणांत एक, आणि मला तीच पद्धत पटली. एका टॅबभोवती चार मुलं बसली की भांडतात, "ए थांब, ते चुकलं, हातचा राहिला" असं एकमेकांना सांगतात, आणि ते सांगण्यातच शिकतात. एकटं मूल टॅब घेऊन बसलं की गप्प होतं आणि उत्तर येईपर्यंत नुसतं टचटच करत राहतं, हे मी रोज बघते.

आणि सगळ्यात जास्त काम कशाचं होतं सांगू? ना ॲनिमेशनचं ना गेमचं, साध्या व्हॉइस रेकॉर्डरचं. तिसरीतली एक मुलगी जोडाक्षर आलं की थबकायची, 'प्रकाश'चं 'परकाश' वाचायची, मी सांगितलं की मान हलवायची आणि पुढच्या ओळीत परत तेच. तिला म्हटलं धडा रेकॉर्ड कर आणि ऐक. पुस्तकावर बोट ठेवून ऐकत होती, त्या शब्दाशी बोट थांबलं, मागे घेऊन परत ऐकलं आणि स्वतःच म्हणाली, "बाई, मी पुन्हा करू?" त्या दिवशी तो धडा तिने किती वेळा वाचला असेल देव जाणे, मी तेवढा वेळ पहिलीसोबत होते. वाचून घेण्यासाठी प्रत्येक मुलाजवळ मी रोज बसू शकत नाही, पण स्वतःचा आवाज ऐकून मुलं स्वतःला सुधारतात, हे डोळ्यांनी बघितल्यापासून मी ज्याला त्याला सांगत सुटलेय.

कॅमेराही तसाच. पहिल्या पावसात वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, जाऊन कुर्ल्यांचे (खेकड्यांचे) फोटो काढले मुलांनी, मग फोटो मोठा करून पाय मोजले, नांग्या धरून दहा निघाले, त्यावर पाच ओळी लिहिल्या. परिसर अभ्यास म्हणतात तो हाच की!

पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायचा आणि तो स्कॅन केला की पाठाचा व्हिडिओ उघडायचा, ही कल्पना आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींची, 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं त्यांना, बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड आले याचा मला फार अभिमान आहे. फक्त आमच्या वाडीत रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, गेल्याशिवाय येत नाही, त्यामुळे वर्गात कोड स्कॅन करून व्हिडिओ लावणं होत नाही. मी तालुक्याला गेले की दीक्षा या सरकारी ॲपवरचे हवे ते पाठ डाउनलोड करून आणते आणि मग ते ऑफलाइन चालतात. तुमच्याकडेही रेंजचा प्रॉब्लेम असेल तर हेच करा, नेटची वाट बघत बसू नका.

अजून एक, मे महिन्याच्या सुट्टीत टॅब पूर्ण उतरलेल्या बॅटरीने कपाटात ठेवू नका. निम्म्याच्या आसपास चार्ज करून बंद करा आणि सुट्टीत मधेच कोणीतरी जाऊन एकदा चार्ज करा, नाहीतर जूनमध्ये चालूच होत नाहीत. कोकणातली दमट हवा वेगळीच, आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवतो.

टॅब देणारे खूप भेटतात, दुरुस्तीला पैसे देणारे भेटत नाहीत. फुटलेली स्क्रीन, ढिला झालेला चार्जिंग पॉइंट, हे कोणत्या खर्चात बसवायचं? शाळेच्या अनुदानातून लाइट बिल, खडू-फळा, स्टेशनरी भागवतानाच नाकीनऊ येतात. यंदा गणपतीला येणाऱ्या मंडळींनी फोन करून विचारलं, बाई अजून पाच टॅब आणू का? मी सांगितलं नको, आहेत तेच पुरतात. एक चांगला इन्व्हर्टर द्या, पावसात लाइट दोन-दोन दिवस जाते, आणि उरलेले पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात दुरुस्तीसाठी म्हणून ठेवा. हो म्हणालेत.